माझं पाणी, त्यांची बादली

मी बोलतोय. इकडेतिकडे काय बघताय, वर बघा. खिडकीच्या डोक्यावर, भिंतीला चिकटून, कधीकाळी पांढरा होतो तो मी. एसी. खोलीत आल्यावर माझ्याकडे कोणी बघत नाही. डोळे मिटून "हुश्श" म्हणतात आणि पलंगावर पसरतात. मी बंद पडलो, की मग सगळ्यांच्या माना वर होतात.

आधीच सांगून टाकतो, मी एकटा नाही. मी आत असतो आणि माझा थोरला भाऊ बाहेर गॅलरीत, लोखंडी स्टँडवर. खोलीतली उष्णता मी गोळा करून त्याच्याकडे पाठवायची आणि त्यानं ती बाहेर फेकायची, अशी आमची वाटणी. उन्हात तो तापतो, पावसात तो भिजतो, कबुतरं त्याच्या डोक्यावर बसून नको ते करतात. आणि गारव्याचं कौतुक माझं होतं. बिचारा दिवसभर घुरघुरतो, पण तक्रार म्हणून कधी केली नाही. थोरल्यांचं असंच असतं.

माझ्या जन्मात सांगण्यासारखं फारसं काही नाही. कारखान्यातल्या पट्ट्यावरून पुढे सरकत होतो. कोणी स्क्रू पिळला, कोणी पंखा बसवला. शेवटी निळा कोट घातलेल्या एका बाईंनी माझ्या तोंडासमोर हात धरला, गार लागल्यावर मान डोलावली आणि शिक्का मारला.

दुकानात मला भिंतीवर टांगून दिवसभर चालू ठेवलं होतं. भर दुपारी लोक आत यायचे, किंमत विचारायचे, माझ्याखाली उभे राहायचे आणि घाम वाळला की "घरी विचारून येतो" म्हणून पसार व्हायचे. एक गृहस्थ सलग नऊ दिवस आले. दुकानदाराला वाटलं, हेही हवा खाऊन जाणारे. दहाव्या दिवशी ते बायकोला घेऊन आले आणि म्हणाले, हा भिंतीवरचाच द्या. मांडणीतला आहे म्हणजे स्वस्त पडेल, आणि नऊ दिवस मी स्वतः बघतोय, बंद पडलेला नाही.

हे माझे मालक. माणूस वाईट नाही हो. फक्त चिकाटी आणि चिकटपणा यांतली रेघ त्यांना कोणी दाखवली नव्हती.

मालक पाणीखात्यात मीटर वाचतात. घरोघरी जायचं, जिन्याखालच्या अंधारात बॅटरी मारायची, आकडा टिपायचा, हे त्यांचं काम. त्यांच्या लेखी जगात माणसं दोनच प्रकारची, नळ नीट बंद करणारी आणि नळ नीट बंद न करणारी. कोणाच्या गच्चीवरची टाकी वाहत होती, हे ते जेवताना अशा आवाजात सांगायचे, की ऐकणाऱ्याला वाटावं त्या घरात कोणी गेलं.

त्यांच्या बायकोला मी बाई म्हणतो. बाई बोलायला कमी आणि कामाला वाघ. घरात मी आल्याचा खरा आनंद त्यांना झाला, कारण इथली हवा. काय सांगू तुम्हाला! टॉवेल दोन-दोन दिवस वाळत नाही. मिठाच्या बरणीत चमचा उभा राहतो. बिस्किटाचा पुडा फोडला, की अर्ध्या तासात बिस्किटं मान टाकतात. कपाटातल्या चपलांवर बुरशी चढते आणि पावसाळ्यात दारं फुगून चौकटीत अडकतात. अशा ठिकाणी माझं अर्धं काम गार करायचं आणि अर्धं काम हवेतलं पाणी पिळून काढायचं. ते पाणी माझ्या पोटातल्या पन्हाळीत जमतं आणि एका पाइपातून बाहेर गॅलरीत उतरतं. सगळ्याच एसींचं उतरतं. त्यात विशेष काही नाही.

पण मालकांना ते विशेष वाटलं. मला बसवलं त्या संध्याकाळी ते गॅलरीत गेले आणि पाइपातून थेंब पडताना त्यांनी पाहिले. मग ते तिथेच उकिडवे बसले, ओंजळ धरली, ओंजळ भरली. आत येऊन बाईंना म्हणाले, "अगं, मीटर न फिरता पाणी येतंय." विजेचा मीटर जिन्याखाली गरगरत होता, पण ते खातं त्यांचं नव्हतं.

त्या दिवसापासून पाइपाखाली बादली आली. माझ्या पाण्यानं फरशी पुसली जाऊ लागली, कुंड्या भिजू लागल्या, सायकल धुतली जाऊ लागली. खिडकीच्या काचा तर मालक स्वतः पुसायचे आणि डाग राहत नाही म्हणून लांबून, जवळून, तिरके होऊन बघायचे. घरी पाहुणा आला, की त्याला आधी गॅलरीत न्यायचे. पाहुणा बिचारा घामानं निथळत बादली बघायचा, मालक त्याला पाण्याची शुद्धता समजावून सांगायचे, आणि मी आत बंद! दमट हवेतून तुमच्यासाठी गारवा काढणारा मी, आणि कौतुक कोणाचं, तर प्लास्टिकच्या बादलीचं. कामावरून आले की माझ्याकडे नजरसुद्धा न टाकता थेट तिच्याकडे. मला राग यायचा. अजूनही येतो. लपवून काय करू?

पहिल्या वर्षी फुकटची सर्व्हिसिंग होती. एक तरुण मेकॅनिक आला, त्यानं माझ्या जाळ्या काढल्या आणि धुवायला पाणी शोधत गॅलरीत गेला. समोर काठोकाठ भरलेली स्वच्छ बादली. त्यानं जाळ्या बुचकळल्या, घुसळल्या आणि काळंकुट्ट झालेलं पाणी मोरीत ओतून दिलं. मालक चहाचा कप घेऊन येत होते. त्यांनी ते पाहिलं. चेहरा असा झाला, की मेकॅनिकला वाटलं आपण चुकून माशांची टाकी ओतली.

तेव्हापासून घरात एक नियम झाला. मेकॅनिक फक्त रविवारी बोलवायचा, म्हणजे मालक घरी असतात. आणि तो जिना चढायला लागला, की मालकांनी पाइप सोडवायचा, बादली उचलायची आणि न्हाणीघरात नेऊन दार लावून ठेवायची. तो गेला, की बादली परत जागेवर. बाईंना त्याची इतकी सवय झाली, की दाराची घंटा वाजली की त्या न्हाणीघराचं दार स्वतःच उघडून धरायच्या.

चार वर्षं अशी बरी गेली. मी संध्याकाळी दोन तास चालायचो. वर्षातून एकदा जाळ्या धुतल्या जायच्या, एकदा भावाच्या अंगावरची धूळ झटकली जायची. खर्च बेताचा होता. पाचव्या वर्षी मात्र एकाच महिन्यात दोन गोष्टी झाल्या, आणि तिथून आमचे ग्रह फिरले.

पहिली गोष्ट, आरोग्य खात्याची बाई घरोघरी डासांची अंडी शोधत आली. हातात बॅटरी आणि पळी. तिनं मालकांच्या बादलीत पळी बुडवली आणि वर काढून दाखवली. आत वळवळणारं काहीतरी. खालच्या मजल्यावरच्या काकू कपडे वाळत घालत होत्या, त्यांनी मान वाकडी करून सगळं पाहिलं. आयुष्यभर दुसऱ्यांना पाण्यावरून समज देणाऱ्या माणसाला त्या दिवशी पाण्यावरूनच समज मिळाली. मालक दोन दिवस काकूंना टाळण्यासाठी मागच्या जिन्यानं गेले.

तिसऱ्या दिवशी त्यांनी रंगाची रिकामी बादली आणली, घट्ट झाकणाची. झाकणाला पाइपाच्या मापाचं भोक पाडलं. पाइप पार तळापर्यंत खाली सोडला, भोकाभोवती सायकलच्या ट्यूबची पट्टी आवळून गुंडाळली आणि कमरेवर हात ठेवून म्हणाले, "आता डासच काय, हवासुद्धा आत जायची नाही."

अहो, नेमकं तेच तर झालं! बाटलीच्या तोंडात नरसाळं घट्ट रोवलं, की तेल वरच अडून बसतं ना? आतली हवा बाहेर पडली तर तेल खाली उतरणार. तसंच माझं. बादलीतून हवा निघायला वाट नाही, त्यामुळे पाइपातलं पाणी खाली जायला तयार नाही. ते तुंबलं, पन्हाळ भरली, आणि एके दुपारी माझ्या ओठावरून पहिला थेंब खाली टपकला.

दुसरी गोष्ट म्हणजे, त्याच महिन्यात बाईंनी केक करायला घेतले. केक स्वयंपाकघरात भाजता येतो, पण त्याच्यावर क्रीमची फुलं काढायची तर इथल्या हवेत ती पाच मिनिटांत ओघळतात. गुलाब काढावा आणि कोबी दिसावा. म्हणून बाईंनी एक टेबल या खोलीत, बरोबर माझ्यासमोर आणलं आणि दुपारी मला चालू करून त्या काम करू लागल्या. तुम्हाला म्हणून सांगतो, ते माझे सुखाचे दिवस होते. बाई पिशवी पिळायच्या, जीभ दातांत धरून एकेक पाकळी लावायच्या, आणि मी जीव ओतून गार फुंकायचो. पाकळी उभी राहायची. कोणीतरी माझ्या कामावर काम करत होतं.

आता मालकांनी काय पाहिलं? चार वर्षं एसी गळला नाही. केक सुरू झाले आणि गळायला लागला. मीटर वाचणारा माणूस, आकड्याला आकडा जुळवला आणि मोकळा झाला. बाईंना म्हणाले, तू दिवसा चालवतेस, त्याला झेपत नाही, म्हणून बिघडतो. बाई म्हणाल्या, माझ्यामुळे नसेल हो. पण तेवढ्यात मालक बादली रिकामी करायला गेले होते. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ती अशी.

मग सुरू झाली दुरुस्तीची जत्रा. आणि ठरलं असं, की बिघाड केकांमुळे, तर खर्चही केकांच्या पैशातून.

पहिला आला तो गॅसवाला. त्याला मी काहीही सांगू शकलो असतो तरी त्यानं गॅसच भरला असता. डोकं दुखतंय? गॅस कमी आहे. भिंतीचा रंग गेलाय? गॅस कमी आहे. त्यानं भावाला नळी लावली, फुस्स असा आवाज काढला आणि मोठी रक्कम घेऊन गेला. गॅस किती गेला ते कोणाला दिसलं नाही, पैसे गेलेले मात्र बाईंनी पाहिले. तो असेपर्यंत मी एक थेंब गाळला नाही. कसा गाळणार? बादली न्हाणीघरात होती, पाइप मोकळा होता. तो गेला, मालकांनी पाइप पुन्हा आवळला, आणि सोमवारी दुपारी टप्.

दुसरा म्हणाला, हा भिंतीवर तिरका बसलाय, उतार उलटा आहे. त्यानं मला खाली उतरवलं, भिंतीला नवी भोकं पाडली आणि परत टांगलं. या उचलाउचलीत माझ्या हनुवटीला तडा गेला, तो पाहा, अजून दिसतो. त्याच्यासमोर मी तासभर चाललो, कोरडा ठणठणीत. मंगळवारी टप्, टप्.

तिसऱ्यानं वर्षाचा करार करून घ्या म्हटलं. करारात सगळं मोफत, फक्त जे बिघडतं ते सोडून. मालकांनी कागद दोनदा वाचला आणि त्याला चहा न देता पाठवलं. तेवढं एक त्यांनी बरोबर केलं.

चौथे आले ते चष्मेवाले. वयस्क मेकॅनिक, चष्म्याला मागून दोरी बांधलेली. त्यांनी पंपानं माझं पोट धुतलं, मग पुढच्या रविवारी येऊन आतला पाइपसुद्धा बदलला. दोन्ही वेळा जाताना डोकं खाजवलं. म्हणाले, "रोग सापडलेला नाही. आलो म्हणून यायचे पैसे घेतो, बरा केला म्हणून नाही." इतक्या जणांत हे वाक्य म्हणणारे ते एकटेच.

मला किती ओरडावंसं वाटायचं! काखेत कळसा आणि गावाला वळसा चाललाय, अहो न्हाणीघराचं दार उघडा, तिथे माझा रोग झाकण लावून बसलाय! पण माझ्याकडे आवाज म्हणजे एक घर्रर्र आणि एक बीप. आणि मालक? ताकाला जायचं आणि भांडं लपवायचं, हे लोक लाजेपोटी करतात. यांनी बादलीभर पाण्यापायी केलं.

आठ महिने असे गेले. बाईंनी टेबल थोडं डावीकडे सरकवलं, मग उजवीकडे. माझ्याखाली पातेलं ठेवलं. केकांचे पैसे येत होते आणि माझ्या पोटात जात होते. बाई मला कधी बोलल्या नाहीत, पण चालू करताना आता माझ्याकडे अशा बघायच्या, जसं आजारी माणसाला कामाला उठवतोय. त्यांना खरंच वाटत होतं, की त्यांच्या केकांनी माझा जीव घेतलाय. ते मला सहन व्हायचं नाही.

मग मोठं काम आलं. चौकातल्या बेकरीच्या मालकीणबाईंनी बाईंचा केक कुठेतरी खाल्ला होता. त्यांच्या लग्नाला पंचवीस वर्षं होत होती, त्यांनी तीन मजली केक सांगितला. म्हणाल्या, हा नीट झाला, तर दर आठवड्याला चार केक माझ्या बेकरीसाठी तुम्हीच करायचे. बाईंना त्या रात्री जेवण गेलं नाही. आणि मालकांनी त्याच दिवशी पातेल्यातलं पाणी पाहून निकाल दिला. हे शेवटचं. अजून एकदा गळला, की एसी भंगारात आणि केक बंद. नवा घ्यायचा नाही आणि दुरुस्तीही करायची नाही.

म्हणजे बघा, बाईंचं काम आणि माझा जीव, दोन्ही एकाच थेंबाला टांगलेलं. आणि तो थेंब थांबवणं माझ्या हातात नाही.

केकाचा दिवस बुधवार होता. मालक कामावर गेले. बाईंनी सकाळीच तीन मजले एकावर एक चढवले, मला चालू केलं आणि खालच्या मजल्याची नक्षी काढायला घेतली. त्या दिवशी हवा इतकी दमट होती, की काच बाहेरून रडत होती. मी पाणी पिळत होतो, पन्हाळ भरत होती, आणि मला आतून कळत होतं की आता येणार. मी भावाला सांगितलं, जरा हळू घे. तो म्हणाला, हळू घेतलं तर क्रीम जाईल. मोठ्या भावाचंही बरोबर होतं.

बारा वाजता पहिला थेंब पातेल्यात पडला. बाईंचा हात थांबला. दुसरा पातेल्याच्या काठावर पडून उडाला, तिसरा टेबलाच्या कडेला. बाईंनी टेबल ओढलं तर केक हलला, म्हणून त्यांनी ओढायचं सोडलं. मला बंद केलं. दहा मिनिटांत वरच्या मजल्यावरच्या गुलाबानं मान टाकली. मला चालू केलं. गुलाब सावरला, मी गळायला लागलो. शेवटी बाईंनी कपाटातून छत्री काढली, उघडली आणि केकावर धरून उभ्या राहिल्या. एका हातात छत्री, दुसऱ्या हातात क्रीमची पिशवी. आणि हो, तेव्हा त्या रडत होत्या. आवाज नव्हता, पण मी वरून सगळं बघतो.

मग त्यांनी डोळे पुसले, छत्री दोन खुर्च्यांच्या पाठींमध्ये अडकवली आणि फोन उचलला. मालकांना नाही. चष्मेवाल्यांना. रोग सापडला नाही असं तोंडावर सांगणारा माणूस खोटं तरी बोलणार नाही, असा त्यांचा हिशोब असावा.

चष्मेवाले अर्ध्या तासात आले. बुधवार होता. घंटा वाजली, बाईंनी धावत जाऊन मुख्य दार उघडलं, आणि पाच वर्षांत पहिल्यांदाच न्हाणीघराचं दार बंद राहिलं. बादली उचलायला घरात कोणी नव्हतं.

चष्मेवाल्यांनी आधी मला पाहिलं, मग छत्रीखालचा केक पाहिला, मग गॅलरीत गेले. बाई मागोमाग गेल्या. चष्मेवाल्यांनी बादलीकडे बोट केलं.

"ही कधीपासून आहे?"

"नेहमीच असते. ह्यांची आहे. पाणी साठवतात."

"मी दोनदा आलो, तेव्हा नव्हती."

"तुम्ही येता तेव्हा हे आत ठेवतात," बाई म्हणाल्या, आणि म्हणता म्हणता थांबल्या.

चष्मेवाल्यांनी रबराची पट्टी सोडली आणि झाकणातून पाइप ओढून काढला. पाइपानं आधी एक मोठा ढेकर दिला. मग तुंबलेलं माझं पोट असं काही मोकळं झालं म्हणता, गुडगुड गुडगुड करत सगळं गॅलरीत! खालून काकू ओरडल्या. चष्मेवाले ओल्या फरशीवरच बसले आणि हसायला लागले. चष्मा काढून पुसला, घातला, बादलीकडे बघितलं, परत काढला. बाई हसल्या नाहीत. त्या दाराला टेकून उभ्या होत्या. म्हणाल्या, "म्हणजे माझ्या केकांमुळे नव्हतं."

"केकांचा काय संबंध?" चष्मेवाले म्हणाले.

त्यांनी यायचे पैसे घेतले. या वेळी बरं केल्याचे का घेत नाही विचारलं, तर म्हणाले, एक पाइप ओढायचे पैसे घेतले तर रात्री झोप लागायची नाही. बाईंनी त्यांना केकाचे कापलेले काठ डब्यात भरून दिले.

नंतरचे चार तास मी कोरडा चाललो आणि बाईंनी छत्री मिटून काम केलं. मी तसा आपली बढाई मारणाऱ्यातला नाही, पण तो केक बघायला हवा होता तुम्ही. एकूण एक पाकळी उभी. सहा वाजता बेकरीच्या मालकीणबाई आल्या, केकाभोवती एक फेरी मारली आणि विचारलं, पुढच्या सोमवारपासून जमेल का? बाई हो म्हणाल्या. मी बीप करणार होतो, पण आवरलं.

मालक सातला आले आणि सवयीप्रमाणे थेट गॅलरीत. पाइप मोकळा लोंबतोय, बादली उघडी, पाणी फरशीवर. त्यांनी पट्टी उचलली आणि पाइप झाकणात घालायला वाकले.

बाई आतून म्हणाल्या, "घाला. नीट आवळा. आणि मग इथे येऊन बसा."

बाईंचा असा आवाज मी पाच वर्षांत ऐकला नव्हता. मालकांनीही नसावा, कारण ते गुपचूप आले आणि स्टुलावर बसले. बाईंनी पातेलं रिकामं करून माझ्याखाली ठेवलं. अर्ध्या तासानं टप्. मालक उठले, पाइप काढून आले, बसले. गळती थांबली. पुन्हा गेले, पाइप आवळला, आले. पुन्हा टप्. असं त्यांनी तीनदा केलं. मीटरवाल्याला माणसाचं पटत नाही, आकडा दिसावा लागतो. तिसऱ्या वेळी ते पातेल्यात बघत बसून राहिले. गॅसवाला, भोकंवाला, चष्मेवाले, सगळे त्यांच्या डोळ्यांसमोरून जात असणार. त्यातला प्रत्येक पैसा क्रीमच्या पिशवीतून आला होता.

शेवटी म्हणाले, "आठ महिने. तू एकदा तरी बोलायचंस."

"बोलले होते," बाई म्हणाल्या. "तुम्ही बादली रिकामी करत होतात."

मालकांनी मान खाली घातली. मग म्हणाले, "चुकलं माझं." एवढंच. जास्त बोलता येत नाही त्यांना. पण हे त्यांनी दुसऱ्या दिवशी खालच्या काकूंसमोरही सांगितलं, अथपासून इतिपर्यंत. काकू म्हणाल्या, म्हणजे तुमचं ते फुकटचं पाणी दुधापेक्षा महाग पडलं की. मालक म्हणाले, हो. ज्या काकूंना टाळायला माणूस मागच्या जिन्यानं जात होता, त्यांच्यासमोर हे बोलायला काय लागतं, ते मला कळतं.

आता माझं म्हणाल, तर वय झालंय. हनुवटीला तडा आहे, रिमोटची दोन बटणं दाबली जात नाहीत, भावाचा पंखा खडखडतो. तुम्हाला हात जोडून सांगणं एवढंच, की जाळ्या पंधरा दिवसांनी धूत जा, त्याला साबण आणि दहा मिनिटं पुरतात. आणि मेकॅनिक आला, की त्याच्यापासून काही लपवू नका. घरात जे आणि जसं आहे ते तसंच बघू द्या. त्यानं तुमची बादलीभर पाण्याची नासाडी केली तर करू दे.

बादली अजून आहे. मालकांची हौस कुठली जायला! पण आता ती उघडी असते, वर मच्छरदाणीचं कापड ताणलंय, आणि पाइप वीतभर वर लोंबतो. थेंब कापडावर पडून इकडेतिकडे उडतात. मालक ते बघतात, हात पुढे करतात आणि मागे घेतात.

परवाची गोष्ट सांगतो आणि संपवतो. सुट्टी होती, मालक घरी होते. भर दुपार, बाई बेकरीचा चौथा केक सजवत होत्या. मालक खोलीत आले. दिवसा मला चालवलेलं मालकांना खपत नाही, या इतक्या महिन्यांच्या सवयीनं बाईंचा हात मला बंद करायला रिमोटकडे गेला. मालक म्हणाले, "राहू दे. क्रीम वितळेल."

बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं आणि परत पाकळी लावायला घेतली. मालक माझ्याखाली स्टूल ओढून बसले आणि ती पाकळी उभी राहीपर्यंत बघत राहिले.

सहा वर्षांत या घरात मी ऐकलेलं हे सगळ्यात गोड वाक्य. आणि ते माझ्याबद्दल नव्हतंच. पण मला राग आला नाही. मी चालू राहिलो. आत्ताही चालूच आहे, बाईंचं काम चाललंय, तेव्हा जाताना तेवढं दार ओढून घ्या.